फळ्यावर नसलेली ओळ

१

ढोल्या म्हणाला, "तुझी बाई कशालाच घाबरत नाही. हिंमत असेल तर घाबरवून दाखव." आणि मी म्हणालो, "त्यात काय!"

पैज घेताना माणसानं निदान विचारावं की किती दिवस, कसं, हरलो तर काय. मी काहीच विचारलं नाही. जिंकलो तर सुट्टीभर त्याची सायकल माझी, एवढं कानात शिरलं आणि हात पुढं केला. डोकं नंतर वापरायचं, ही माझी जुनी खोड.

ढोल्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. नाव ढोल्या असलं तरी अंगानं काडी आहे. आणि बाई तळमजल्यावर, एकट्या. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलेलं. आता डोळ्यांचं काहीतरी विचित्र झालंय. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. त्यामुळे तुमच्याशी बोलताना त्या बघतात दाराकडे. पहिल्यांदा मला वाटलं, दारात कुणी आहे. मागं वळून बघितलंसुद्धा.

मी गणितात दोनदा उडालो तेव्हा आईनं मला बाईंकडे नेऊन टाकलं, जुना रेडिओ दुरुस्तीला टाकतात तसं. "बाई, ह्याचं काही होतंय का बघा. नाहीतर भंगारात देते." भंगार म्हणजे मामाचं गॅरेज. अजून एक तक्रार आली की शाळा बंद आणि मी थेट गाड्यांच्या खाली, असं आईनं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलेलं.

बाई कसलीही फी घेत नव्हत्या. मला गाढव म्हणायच्या, पण असं की वाटावं गाढव हा बरा प्राणी आहे. ह्या बाईंना घाबरवायची पैज मी घेतली. असो.

जिन्याखाली मीटरची खोली आहे. मीटर वाचायला येणाऱ्याला दार उघडून द्यायचं काम आमच्या आईकडे, म्हणजे किल्ली आमच्या घरात, खिळ्याला. त्या खोलीची मागची भिंत आणि बाईंच्या आतल्या खोलीची भिंत एकच. जेवणं झाल्यावर बाई तिथं आडव्या पडतात. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत गेलो. त्याच्या मुठीनं भिंतीवर मारलं की ठक. टोकानं ओढलं की खर्र. ठक नुसती ऐकली तर वाटतं कुणी खिळा ठोकतंय. पण ठक, मग थोडं थांबून खर्र, खर्र, मग पुन्हा ठक... माझ्याच अंगावर काटा आला. मनाला येईल तसं बराच वेळ वाजवलं आणि दबक्या पावलांनी पळालो.

२

संध्याकाळी शिकायला गेलो तर बाई पलंगावर मांडी घालून बसलेल्या, एकदम खूश.

"अरे उचापत्या, ये. भिंतीतून कुणीतरी मला आकडे पाठवतंय."

"आकडे?"

"ठक म्हणजे एक. खर्र म्हणजे दोन. तीन प्रकारचे आवाज असते तर वेगळा विचार केला असता. घे खडू."

त्यांच्या खोलीत भिंतभर फळा आहे, कॉलेजनं मोडीत काढलेला. ठकठक झाली त्या भिंतीलाच ठोकलेला. मी मोठ्ठ्या अक्षरांत लिहायचं, म्हणजे त्यांना मान वळवून कडेनं दिसतं.

"बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कसली?"

"म्हणजे... भूतबित."

"भूत असेल तर शिकायला आलेलं दिसतंय. दार उघडं होतं, यायचं सरळ." मग त्या डोळे मिटून सांगायला लागल्या. एक. दोन. दोन. एक. एक. सगळी ओळ तोंडपाठ! आणि मी, ज्यानं ती वाजवली होती, तोच खडू घेऊन लिहितोय. हसू दाबता दाबता पोटात कळ आली.

ढोल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घाबरली नाही म्हणजे तू हरलास."

"अजून कुठं! उद्या बघ."

असं करत मी पाच दुपारी वाजवलं. पाच संध्याकाळी माझीच ओळ मी फळ्यावर लिहिली. रोज वेगळी. घाबरल्या तर नाहीतच, उलट वाटच बघायच्या. सायकल गेली हे मला कळून चुकलं होतं, पण मजा यायला लागली होती. आपण काहीतरी करतोय आणि कुणीतरी ते इतकं मन लावून ऐकतंय, हे माझ्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

३

पाचवी ओळ लिहून झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "आता गंमत बघ. प्रत्येक ओळीच्या आधी शून्य लाव, मग टिंब. काय झालं?"

"शून्य टिंब एक दोन दोन..."

"म्हणजे शून्य आणि एकच्या मधला आकडा. तुझा हा भिंतीवाला असे आकडे पाठवतोय. समज, त्याच्या ओळी कधीच संपत नाहीत, लांबीलाही नाही आणि संख्येलाही नाही. रोज एक, रोज एक, कायमचं. मग एके दिवशी तो म्हणाला की ह्या रांगेत सगळे आले, आता मधला एकही शिल्लक नाही. खरं मानशील?"

"कायमचं पाठवतोय म्हटल्यावर येणारच की सगळे. कधी ना कधी."

"पैज?"

पैजेचं नाव काढल्यावर मी गप्प बसतो होय? "पैज."

फळ्यावर तेव्हा हे होतं. ओळी लांब होत्या, पण मी डावीकडचेच आकडे देतो:

१ २ २ १ १
२ १ १ १ २
१ १ २ २ १
२ २ १ १ १
१ २ १ १ २

"पहिल्या ओळीतला पहिला आकडा वाच. दुसरीतला दुसरा. तिसरीतला तिसरा. असं तिरकं खाली ये."

"एक, एक, दोन, एक, दोन."

"आता एक असेल तिथं दोन कर, दोन असेल तिथं एक. खाली लिही."

मी लिहिलं. दोन, दोन, एक, दोन, एक.

"ही ओळ वर कुठं आहे?"

मी वरून खाली शोधलं. "चौथी! नाही... चौथी जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे नाही. चौथीपासून चौथ्या जागी वेगळी. पहिलीपासून पहिल्या जागी वेगळी. त्यानं हजारावी ओळ पाठवली तर ही तिच्यापासून हजाराव्या जागी वेगळी. म्हणजे ही त्याच्या रांगेत नाही. कुठंच नाही."

"मग ती पण खाली चिकटवायची. झाले सगळे."

"चिकटव. मी पुन्हा तिरकी खाली येईन."

आतमध्ये कुठंतरी खट्‌ झालं. मी कितीही चिकटवल्या तरी ही बाई तिरकी खाली येणारच!

"एक, दोन, तीन, चार, हेही कधी संपत नाहीत," बाई म्हणाल्या, "पण ते गुणी आहेत. रांगेत उभे राहतात, मोजून घेतात. हे मधले रांगेत मावतच नाहीत. कितीही शहाण्यानं रांग लावली तरी कुणीतरी बाहेर राहतोच." मग दाराकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कळलं?"

"कळलं."

"सांग मग उलटं मला."

आणि मी सांगितलं. न अडखळता. दोनदा उडालेल्या मी! बाईंनी माझ्या डोक्यावर टपली मारली. घरी जाताना मी जिन्यात एकटाच हसत होतो. पैज हरून इतकं बरं वाटलेलं माझ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच.

४

सहाव्या दुपारी मी वाजवायला गेलोच नाही. मनातच येईना. त्याऐवजी जेवण झाल्याबरोबर बाईंकडे गेलो. बाई पलंगावर, मी खाली फरशीवर, मध्ये बिस्किटांचा डबा. उन्हाची पट्टी फळ्याच्या पायाशी आलेली. पंखा बंद होता, कारण त्याच्या आवाजानं बाईंना भिंत ऐकू यायची नाही.

"आज उशीर झाला त्याला," बाई म्हणाल्या.

मी बिस्कीट चावत राहिलो. काय बोलणार? तो इथं बसून तुमची बिस्किटं खातोय?

खर्र.

मी चावायचा थांबलो.

खर्र. ठक.

पहिला विचार ढोल्या. दुसरा विचार किल्ली. ती माझ्या खिशात होती. मी वरून हात लावून बघितला. होती.

खर्र. ठक.

"लिही ना," बाई कुजबुजल्या. मी उठलो. दोन, दोन, एक, दोन, एक. लिहून झालं आणि खडू हातातच राहिला. कालची तिरकी ओळ वर तशीच होती आणि मी तिच्याखाली तीच पुन्हा लिहिली होती. ही ओळ मी वाजवलेली नव्हती. बाई तर म्हणाल्या होत्या की ही त्याच्या रांगेत कुठंच नाही.

पाण्याचा पाइप असेल. उंदीर असेल. आणि मला लाज वाटते सांगायला, पण बाईच तर वाजवत नाहीत ना, म्हणून मी त्यांचे पायसुद्धा बघितले. स्थिर होते, मांडीखाली.

आणि आवाज एक गोष्ट अशी करत होता जी पाइप करत नाही. तो थांबला नाही. आमच्या फळ्यावर पाचच ओळी, त्यामुळे तिरकी ओळ पाच आकड्यांवर संपली होती. तो सहावा वाजवत होता. खर्र. मग सातवा. मग आठवा. न वाजवलेल्या ओळींपासून वेगळं व्हायचं तर आधी त्या ठाऊक पाहिजेत ना? मी उद्या काय वाजवणार, परवा काय वाजवणार, म्हातारा होईपर्यंत काय काय वाजवणार, हे त्याला कुठून कळलं?

मी लिहीत गेलो. फळ्याचा काठ आला. खडू भिंतीवर गेला, मग खिडकीच्या चौकटीवर. आवाज पलीकडून येत नव्हता, भिंतीतून येत होता. फळ्याला टेकलेल्या माझ्या मनगटाला तो कळत होता. हळूहळू तो बारीक झाला, लांब गेला. संपला असं मी म्हणणार नाही. आम्हाला ऐकू येईनासा झाला, एवढंच.

बाईंचा चेहरा ओला होता. घाबरून नाही. बऱ्याच वर्षांनी आपलं माणूस दारात दिसावं, तसा.

"आयुष्यभर तू आहेस हे सिद्ध करत आले," त्या भिंतीला म्हणाल्या. "आलास होय. थँक यू हं."

मी धावत बाहेर गेलो. मीटरच्या खोलीला कुलूप होतं. ढोल्या गेटच्या कठड्यावर बसून आइस्क्रीम चाटत होता, आणि ते अर्धं संपलेलं होतं.

"काय रे, भूत बघितलंस?" त्यानं विचारलं.

मी त्याला शिवी दिली. एवढंच सुचलं.

५

दोन दिवसांनी बाईंची मुलगी आली, दुसऱ्या शहरातून. मी तिला ताई म्हणतो. स्वभावानं चांगली आहे, आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही तिला शिव्या घालाल. तिनं भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर आकडे बघितले आणि तिचं तोंडच उतरलं.

"आई, हे काय?"

बाईंनी सगळं हौसेनं सांगितलं. ठक, खर्र, रांग, तिरकं खाली येणं, आणि मग जो रांगेत नाही त्याचं स्वतः येणं. ऐकता ऐकता ताई पलंगाच्या कडेवर बसली. आमची आईही दारात आली होती, हात पदराला पुसत.

"तू असतोस ना रे इथं?" ताईनं मला विचारलं. "तू ऐकलंस का काही?"

आता इथं एक सेकंद थांबा. आई दारात. गॅरेज डोक्यात. हो म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, कुणी वाजवलं. मग किल्ली, मग स्क्रू-ड्रायव्हर, मग सगळंच.

"नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"बाई सांगायच्या, मी लिहायचो."

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. म्हणजे त्यांना मी मुळीच दिसत नसणार.

मग ताई आणि आई बाहेर जाऊन हळू आवाजात बोलल्या. भास. वय. एकटं ठेवणं बरं नाही. शनिवारी घेऊन जाते. जागा बंद करू, पुढचं पुढं.

आत बाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज इतका लहान की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"त्या दिवशी... मला खरंच ऐकू आलं होतं ना रे?"

आई दारातच होती. मी उठलो. पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं आणि म्हणाल्या, "डोळ्यांचं चालेल. डोकं जायला नको होतं." मला गाढवही म्हणाल्या नाहीत.

६

शनिवारी सकाळपासून बॅगा भरायला सुरुवात झाली. मी ठरवलं, सांगून टाकायचं. पण नुसत्या पाच ओळी कबूल करून काय होणार? ताई विचारणार, आणि भिंतीवरची ही लांबलचक कुणाची? ती माझी नव्हती. म्हणून मी, महाहुशार, एक युक्ती काढली. तीच ओळ आता वाजवायची. खोलीत सगळे आहेत, सगळे ऐकतील. मग बाहेर येऊन सांगायचं, बघा, मीच होतो, ही पण माझीच. एकदा मी वाजवली की ती माझी. भास नाही, भूत नाही, नुसतं एक कार्टं.

मीटरच्या खोलीत दुपारीसुद्धा अंधार असतो. दाराच्या जाळीतून येईल तेवढाच उजेड. मीटरच्या तबकड्या गरगरत होत्या. ओला चुना आणि गरम धूळ असा वास. भिंतीवर माझ्या जुन्या ओरखड्यांचा एक पट्टा झाला होता, आणि रोज एकाच जागी ओढून ओढून तिथलं प्लास्टर पोकळ झालं होतं. मी टोक टेकवलं.

खर्र. खर्र. ठक. खर्र. ठक.

पाच बरोबर. पलीकडे ताईचा आवाज थांबला. ऐकत होते! आता सहावा. सहावा खर्र. मी टोक पोकळ प्लास्टरवर ठेवलं, जोर लावला.

हात पुढं गेला नाही.

कुणीतरी मनगट धरलं होतं. आवळून नाही. लहान असताना रस्ता ओलांडताना आई धरायची, तसं. कोरडं, गार आणि अगदी खात्रीचं.

पाइप. उंदीर. ढोल्या. मनातल्या मनात मी पुन्हा सगळी नावं घेतली. एकही नाव त्या हाताला बसेना.

जाळीतला उजेड माझ्या मनगटावर पडत होता. मी बघितलं. एकदाच, आणि पुरतं नाही. हात माझ्यासारखाच होता, माझ्याच वयाचा. पण माझं पहिलं बोट वाकलेलं होतं, तर त्याचं ताठ. माझं दुसरं ताठ, तर त्याचं वाकलेलं. तिसऱ्याला माझं नख तुटलंय, त्याचं शाबूत. एकेक बोट घेऊन मी खाली येत होतो आणि प्रत्येक जागी तो माझ्यापासून वेगळा निघत होता. कोपराच्या वर मी बघितलं नाही. बघणार होतो. मान वळली नाही, ह्याबद्दल मी माझ्या मानेचा आभारी आहे.

स्क्रू-ड्रायव्हर बोटांतून सुटला आणि मुठीच्या बाजूनं फरशीवर आपटला.

ठक.

सहावा ठक झाला. त्याचा खर्र होता. म्हणजे माझी ही ओळही सहाव्या जागी वेगळीच निघाली. चिकटवायला गेलो आणि तो तिरका खाली आला.

मनगट मोकळं झालं. मग मी जिथं जोर लावत होतो तिथलं प्लास्टर आपोआप सुटलं, पोळीएवढा तुकडा. आत मीटरकडून येणारी जाड वायर होती, वरचं काळं रबर कधीचं जळून गेलेलं, तांबं उघडं. एकदा चर्र झालं आणि निळी ठिणगी उडाली. माझ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला तडा होता आणि पायात चप्पल नव्हती. गणित मला बेताचंच येतं, पण ही बेरीज जमली.

मी तिथंच खाली बसलो. रडलो म्हणा. भीती होतीच, अजूनही आहे, अजूनही त्या दारासमोरून जाताना मी भिंतीकडे पाठ करत नाही. पण त्या वेळी तोंडातून जे निघालं ते बाईंचंच वाक्य होतं.

"थँक यू हं," मी भिंतीला म्हणालो.



७

पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. वायरमन त्याच संध्याकाळी आला. ताई दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली, आता महिन्यातून एकदा येते. बाई तळमजल्यावरच आहेत. मला तीन आठवडे घरातून खाली सोडलं नाही, शिकवणी तेवढी चालू, आणि मामाचं गॅरेज अजून माझ्याशिवाय चाललंय. सायकल ढोल्याकडेच आहे.

पण त्या शनिवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. मी चुन्यानं पांढरा होऊन बाईंच्या खोलीत गेलो तेव्हा तिघीही भिंतीकडे बघत उभ्या होत्या. बॅग पलंगावर उघडी.

"आत्ता वाजलं," ताई म्हणाली. "मी ऐकलं. आई, मी ऐकलं."

"ते मी होतो," मी म्हणालो.

आईनं नुसतं "काय?" म्हटलं. त्या "काय"ला किती धार होती ते आमच्या घरातल्यांनाच कळेल.

"मीटरच्या खोलीतून. ढोल्याशी पैज होती, बाईंना घाबरवायची. फळ्यावरच्या पाच ओळी माझ्या आहेत. आत्ताची पण. बाईंना भास होत नाहीत. मीच वाजवत होतो."

ताईनं डोक्याला हात लावला. "अरे, माझी आई वेडी झाली असं समजून मी तिचं घर बंद करायला निघाले होते! आणि तू समोर उभा राहून..."

"मेल्या," आई म्हणाली आणि पुढं आली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मारायचं असेल तर नंतर मारा. पाच ह्याच्या आहेत, हे मला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं."

ताई फळ्याकडे वळली.

"मी आकडा सांगायच्या आधीच ह्याचा खडू फळ्यावर वाजायचा. मी दोन म्हणायचे, तर तो आधीच दोन लिहून मोकळा. गाढवा, निदान वाट तरी बघायचीस!"

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" ताईचा आवाज चिरकला. "परवा एका शब्दात संपलं असतं."

"आणि ह्याची शाळा संपली असती. जिन्यात ऐकलंय मी." बाईंनी खांदे उडवले. "ह्याला नुकतंच काहीतरी कळायला लागलं होतं."

मला त्या वेळी काय झालं ते लिहिता येत नाही. माझ्यासाठी त्या वेड्या ठरायला तयार होत्या. मी एक गॅरेज चुकवायला त्यांचं डोकं पणाला लावलं, आणि त्यांनी माझी शाळा वाचवायला तेच केलं, एकही शब्द न बोलता.

"पण एक मला खरंच माहीत नाही," बाई म्हणाल्या. पलंगाची कड चाचपत त्या खाली बसल्या आणि त्यांनी मान वळवली, दाराकडे, म्हणजे बरोबर माझ्याकडे. "सहाव्या दिवसाची. तू इथं खाली बसून बिस्कीट खात होतास. चावायचा थांबलास, असं मला वाटलं. पण ताईनं विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास. तेव्हापासून मी रोज तपासतेय, माझं कुठं चुकतंय ते. ती ओळ तुझी?"

माझी म्हणालो असतो तर सगळं सोपं झालं असतं. आई होती, ताई होती, सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. मनगटावर अजून गारवा होता.

"ती माझी नाही, बाई," मी म्हणालो. "पण मी ऐकली. पहिल्या खर्रपासून, ऐकू येईनासं होईपर्यंत, सगळी. नाही म्हणालो ते खोटं बोललो."